जॉर्जियन हवेली: दर्शनी भिंत आणि तिच्या मागचं घर

लंडनमधल्या एखाद्या जॉर्जियन घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभं राहा आणि आधी फक्त खिडक्या बघा. रुंदीला सगळ्या सारख्या, साधारण साडेतीन फुटांच्या आसपास. उंची मात्र मजल्यागणिक बदलते. तळमजल्याच्या खिडक्या उंच, पहिल्या मजल्याच्या त्याहून उंच, दुसऱ्या मजल्यावर त्या आखडतात आणि अगदी वर जवळजवळ चौरस होतात. पहिल्या मजल्याची खिडकी पुष्कळदा रुंदीच्या दुप्पट उंच असते, म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन चौरस. तिच्या वरची दीड चौरसाची, सगळ्यात वरची एका चौरसाची. या भिंतीवर बहुतेक वेळा एकही खांब नसतो, तरी खांबाची मापं तिच्यात मुरलेली असतात. तळमजला हे जोतं, पहिला आणि दुसरा मजला मिळून खांबाचा दांडा, आणि त्यावर कॉर्निस, म्हणजे माथ्याशी पुढे आलेली आडवी पट्टी. सोळाव्या शतकातल्या पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराची ही प्रमाणं. १७१४ ते १८३० या काळात, म्हणजे लागोपाठच्या चार जॉर्ज राजांच्या कारकिर्दीत, ती ब्रिटनमध्ये इतकी अंगवळणी पडली की साधा गवंडीसुद्धा नमुन्यांच्या पुस्तकातून ती उचलायचा.

खिडक्यांच्या उंचीवरून आत कोण राहतं तेही कळतं. पहिल्या मजल्यावर पाहुण्यांसाठीचा दिवाणखाना, म्हणून तिथे सगळ्यात जास्त उजेड. तळमजल्यावर जेवणाची खोली, दुसऱ्यावर मालकांच्या झोपायच्या खोल्या, पोटमाळ्यावर नोकर आणि मुलं, तळघरात स्वयंपाकघर.

ही भिंत इतकी नेटकी दिसते की तिच्या मागचं बांधकामही तितकंच एकजीव असेल असं वाटतं. बहुतेक घरांत ते तसं नसतं. दर्शनी भिंत हे बारीक मापाचं, महाग विटांचं कवच आहे. मागे लाकडी वासे, तुळया, लाकडी पडद्या (खोल्यांमधल्या पातळ आडभिंती) आणि स्वस्त विटा यांचा सांगाडा आहे, आणि या दोघांमधला जोड कमकुवत आहे. या घरांत जे जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या जोडावर किंवा वरून मुरणाऱ्या पाण्यावर येऊन थांबतं. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी घर कसं उभं राहिलं ते समजून घ्यावं लागतं.

कायद्याने घडवलेला चेहरा

१६६६च्या आगीत लंडन शहर जळालं आणि १६६७च्या कायद्याने बाहेरच्या भिंती वीट किंवा दगडाच्या सक्तीच्या केल्या. पुढचे नियमही आगीच्या भीतीतूनच आले. १७०७च्या कायद्याने छपराच्या कडेच्या लाकडी कॉर्निसवर बंदी घातली, तेव्हा दर्शनी भिंत छपराच्या वर चढवून कठड्यासारखी संपवायची पद्धत आली. छप्पर रस्त्यावरून दिसेनासं झालं ते यामुळे. १७०९च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठापासून चार इंच आत घ्यायला लावली. आग भिंतीवरून चढत असताना लाकूड तिच्या वाटेत येऊ नये, हा हेतू. परिणाम असा झाला की प्रत्येक खिडकीभोवती सावलीची एक रेघ आली, आणि सपाट भिंतीला खोली मिळाली.

त्यानंतरचा १७७४चा कायदा सगळ्यात दूरगामी. रॉबर्ट टेलर आणि धाकटा जॉर्ज डान्स या दोन वास्तुकारांनी तो तयार केला. त्यात घरांचे चार दर्जे ठरले. ८५० पौंडांहून जास्त किमतीचं आणि ९०० चौरस फुटांहून जास्त जागा व्यापणारं घर पहिल्या दर्जाचं. ३०० ते ८५० पौंड आणि ५०० ते ९०० चौरस फूट हा दुसरा दर्जा, १५० ते ३०० पौंड आणि ३५० ते ५०० चौरस फूट हा तिसरा, त्याखालचं सगळं चौथ्यात. भिंतींची जाडी दर्जाप्रमाणे ठरायची. याच कायद्याने वरखाली सरकणाऱ्या खिडकीचा तोल सांभाळणाऱ्या वजनांची पेटीही विटांच्या खाचेत लपवायला लावली, म्हणून १७७४ नंतरच्या लंडनच्या खिडकीत बाहेरून चौकटीची अगदी बारीक पट्टी दिसते.

इथे एक सावधगिरी हवी. हे कायदे लंडन आणि वेस्टमिन्स्टरसाठी होते. इतर शहरांत तीच रचना पुढे रिवाज म्हणून पोचली, कुठे पंचवीस वर्षांनी, कुठे त्याहून उशिरा. त्यामुळे बाथ किंवा यॉर्कमधल्या घराचं वय केवळ खिडकी किती आत आहे यावरून ठरवायला गेलं की हमखास चूक होते.

भिंत फुगते का

लंडनचे मोठे जमीनदार जमीन विकत नसत, ती भाडेपट्ट्याने देत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या इस्टेटींवर ९९ वर्षांचा पट्टा रूढ झाला. पहिलं वर्ष-दोन वर्षं बांधणाऱ्याकडून नाममात्र भाडं घ्यायचं, तेवढ्यात त्याने घराचा सांगाडा उभा करून गिऱ्हाईक शोधायचं, अशी ती व्यवस्था. उधारीवर बांधणारा माणूस पैसे कुठे घालणार? जिथे दिसतात तिथे. समोर निवडक, एकसारख्या रंगाच्या विटा, आणि मागे हाताला येतील त्या.

दर्शनी भिंतीत फ्लेमिश बाँड असतो. म्हणजे प्रत्येक थरात एक वीट लांबीने दिसते, पुढची डोक्याने दिसते, परत एक लांबीने. डोक्याने दिसणारी वीट भिंतीत आडवी आत जाऊन पुढचं कवच मागच्या भिंतीला बांधून ठेवते. निदान तसं व्हायला हवं. पण समोरची वीट महाग, म्हणून तिचे दोन तुकडे करून अर्धीच पुढे लावायची. बाहेरून बाँड अगदी बरोबर दिसतो, आत मात्र काहीच बांधलेलं नसतं. खरी अख्खी वीट अधूनमधून, काही थरांनी एखादी. त्यात आणखी एक भर पडते. पुढच्या विटांचे सांधे बारीक आणि मागच्यांचे जाड, त्यामुळे दोन्हीकडचे थर एका पातळीत येत नाहीत. जाड सांध्यातला चुना ओझ्याखाली जास्त दबतो, मागची भिंत खाली बसते, पुढची तशीच राहते आणि बाहेर फुगते.

तिसरं कारण आतल्या बाजूला असतं. भिंतीत ठरावीक अंतरावर आडवी लाकडं चिणलेली असतात, आतलं लाकडी अस्तर खिळवायला आणि चुना घट्ट होईपर्यंत भिंत धरून ठेवायला. दोनशे वर्षांत ओल लागून ही लाकडं कुजतात, आकसतात, आणि भिंतीच्या आतल्या बाजूला तेवढ्या उंचीची पोकळी राहते.

फुगवटा मोजायची साधी रीत आहे. कठड्यापासून ओळंबा सोडा, त्याचं वजन खाली पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा म्हणजे वाऱ्याने हलणार नाही. मग प्रत्येक मजल्याच्या पातळीला आणि मजल्याच्या मधोमध, दोरीपासून भिंतीचं अंतर पट्टीने मोजून लिहून काढा. घराच्या दोन कोपऱ्यांना आणि मध्ये, अशा किमान तीन रेषा घ्या. कागदावर उतरवलं की लगेच कळतं: संपूर्ण भिंत बाहेर झुकली आहे, की फक्त एका मजल्यावर पोट सुटलं आहे. पहिल्या प्रकारात बहुधा मजले भिंतीला धरून नाहीत, दुसऱ्यात कवच सुटलेलं असायची शक्यता जास्त. हाताच्या मुठीने किंवा लाकडी हातोडीने ठोकलं तर सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो.

जुनी हालचाल आणि चालू हालचाल यांत फरक करायला शिकलं पाहिजे. खिडकीची झडप वरच्या बाजूला तिरकी रंधून बसवलेली दिसली, किंवा मजला सपाट करायला वाशांवर पाचरी ठोकलेल्या दिसल्या, तर ती हालचाल जुनी. कोणीतरी पूर्वीच तिला जुळवून घेतलं आहे. भेगेवर मोजपट्टी चिकटवून निदान एक वर्ष नोंदी ठेवा. लंडनची माती चिकण आहे, ती हिवाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तीन महिन्यांच्या नोंदीवरून घाबरण्यात अर्थ नाही.

उपाय बहुतेक वेळा साधेच असतात. कवच मागच्या भिंतीला बांधायला सांध्यांतून भोकं पाडून पिळाच्या स्टेनलेस सळया बसवतात. मजले भिंतीला बांधायला वाशांपासून भिंतीत पोलादी पट्ट्या नेतात. वासे दर्शनी भिंतीला समांतर असतील तर पट्टी निदान तीन वाशांवरून जायला हवी आणि मधल्या जागेत लाकडी ठोकळे घट्ट बसवायला हवेत, नाहीतर ओढ एकाच वाशावर येते. भिंत उतरवून परत बांधणं हा शेवटचा उपाय.

चुना आणि सिमेंट

या भिंतींतला मसाला चुन्याचा आहे: साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू. तो विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांतून बाहेर पडून सुकतं, आणि भिंत जराशी हलली तर सांधा ती हालचाल पचवतो. विसाव्या शतकात असंख्य घरांच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या बाहेरच्या फटी, सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंटचा सांधा विटेपेक्षा कडक आणि बंद. मग पाण्याला विटेतूनच बाहेर यावं लागतं, थंडीत ते गोठतं आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. सांधे जाळीसारखे पुढे आलेले आणि विटा मागे झिजलेल्या दिसल्या की समजावं, सिमेंट झालेलं आहे.

दर्जा परत भरताना जुना मसाला सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत, आणि निदान २५ मिलिमीटर, काढायचा. हातोडी आणि अरुंद छिन्नीने. ग्राइंडर इथे वर्ज्य, कारण बारीक सांध्यात त्याची चकती विटेच्या कडा खातेच. मग सांधा धूळ काढून नीट ओला करायचा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि चुना घट्ट होण्याऐवजी भुसभुशीत होतो. चुना पुट्टीचा किंवा पाण्यात घट्ट होणारा, ज्याला एनएचएल म्हणतात तो. मसाला मागून पुढे दाबत भरायचा, थोडा आवळला की ताठ ब्रशने ठोकायचा, म्हणजे वाळूचे कण पृष्ठावर येतात. तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर काम घेऊ नये. भरल्यानंतर ओलं गोणपाट टांगून काही दिवस हळूहळू सुकू द्यायचं. नव्या दर्जा फुटतात त्या पुष्कळदा या शेवटच्या पायरीला कंटाळा केल्यामुळे.

काही भिंतींवर सांध्यात विटेच्या रंगाचा मसाला आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या चुन्याची तीन ते सहा मिलिमीटरची उठावाची रेघ दिसते. हे टक पॉइंटिंग. वेड्यावाकड्या विटांची भिंत लांबून अगदी रेखीव दिसावी म्हणून केलेलं. त्याचा एखादा तुकडा जरी कठड्याखाली किंवा पावसाच्या नळामागे शिल्लक असला तरी तो जपून ठेवावा, नव्या कामाला तोच नमुना.

खिडकीवरच्या सपाट कमानीची वीट मात्र वेगळी. ती मऊ, घासून पाचरीच्या आकारात आणलेली असते आणि चुन्याच्या पुट्टीत एक-दोन मिलिमीटरच्या सांध्याने बसवलेली असते. या सांध्यांत नवा मसाला कोंबायचा प्रयत्न करू नये. तिथे जागाच नसते.

वरखाली सरकणारी खिडकी

सॅश खिडकी या घरांचा जीव आहे, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. तिचे भाग असे: दोन्ही बाजूंना पोकळ पेट्या, त्यांत लोखंडाची किंवा शिशाची वजनं, वर कप्प्या, दोऱ्या आणि दोन झडपा. झडपा एकमेकींपुढून सरकाव्यात म्हणून मध्ये एक बारीक पट्टी, आणि आतल्या बाजूने एक गोलसर पट्टी. पूर्ण खिडकीत चार वजनं असतात, प्रत्येक झडपेला दोन. सुरुवातीच्या जॉर्जियन खिडक्यांत काचांमधल्या पट्ट्या दीड इंचापर्यंत जाड, शतक संपेपर्यंत त्या पाऊण इंचाहूनही बारीक. म्हणून या पट्ट्यांची जाडी मोजली तर खिडकीचं वय बरंचसं कळतं. झडपेच्या उभ्या काठांना खाली किंवा वर नक्षीदार शेपूट असेल तर ती झडप जॉर्जियन नाही, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची आहे. मोठी, जड काच आल्यावर सांध्याला जोर म्हणून ती शेपटं आली.

दोरी तुटली किंवा झडप अडकली तर आधी आतली गोलसर पट्टी काढायची. पट्टीच्या मधोमध पटाशी घालून ती वाकवत सोडवायची, टोकाकडून सुरुवात केली तर कोपऱ्यातला सांधा तुटतो. रंगाने चिकटलेली कड आधी सुरीने कापून घ्यायची. खालची झडप आत ओढून दोरी घट्ट धरून सोडवायची. दोरी हातातून सुटली तर वजन पेटीत आदळतं. मग मधली पट्टी, मग वरची झडप. पेटीच्या खालच्या भागात एक छोटं फळकुट असतं, ते काढलं की वजनं हाताशी येतात.

झडप काचेसकट काट्यावर तोला. वरच्या झडपेच्या दोन वजनांची बेरीज झडपेपेक्षा किंचित जास्त हवी, साधारण अर्धा किलो, म्हणजे ती वर टेकून राहते. खालच्या झडपेच्या वजनांची बेरीज तितकीच कमी हवी, म्हणजे ती खाली बंद राहते. काच बदलली की हा हिशेब बिघडतो. पातळ जुन्या काचेजागी जाड काच बसवून वजनं तीच ठेवली की झडप वर थांबतच नाही, आणि मग लोक ती खिळ्याने ठोकून बंद करतात. दोरी कापताना झडप पूर्ण उचलल्यावर वजन पेटीच्या तळापासून निदान दोन इंच वर लटकत राहील एवढी लांबी ठेवा. दोरी लांब झाली तर वजन तळाला टेकतं आणि शेवटच्या टप्प्यात झडपेला आधार राहत नाही. आखूड झाली तर वजन कप्पीला अडकतं आणि खिडकी पूर्ण बंद होत नाही.

कुजणं सुरू होतं ते खालच्या झडपेच्या तळपट्टीच्या सांध्यांत आणि उंबऱ्याच्या टोकांना. तेवढाच भाग कापून, तिरक्या सांध्याने त्याच जातीचं लाकूड जोडता येतं. मूळ लाकूड बहुतेक वेळा बाल्टिक किनाऱ्यावरून आलेलं, थंडीत हळूहळू वाढलेलं पाइन असतं. त्याच्या वलयांची दाटी आजच्या झपाट्याने वाढवलेल्या लाकडात सापडत नाही. म्हणून अख्खी खिडकी बदलण्यापेक्षा जुनी दुरुस्त करणं टिकाऊपणाच्या हिशेबातही सरस ठरतं. जुन्या रंगात शिसं असतं हे धरूनच चाला: कोरडं घासू नका, ओला पॉलिशपेपर वापरा, कण गोळा करा.

मूळ काच क्राउन पद्धतीची. वितळलेल्या काचेचा गोळा फुगवून, फिरवून त्याची मोठी थाळी करायची आणि तिच्यातून तावदानं कापायची. म्हणून तिच्यावर हलक्या वक्र लहरी दिसतात, आणि समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब किंचित थरथरतं. या बारीक पट्ट्यांत दुहेरी काच बसत नाही. थंडी आणि आवाजासाठी आतून दुसरी पातळ चौकट लावता येते, पण त्याआधी खिडकीच्या बाजूचे खण ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर घडीचे लाकडी शटर आत असतील, पुष्कळदा रंगाने किंवा वॉलपेपरने बंद झालेले. ते मोकळे केले तर रात्रीची बरीच थंडी अडते.

बंद केलेल्या खिडक्यांबद्दल एक समज पक्का रुजला आहे, की त्या खिडकी करामुळे बुजवल्या. कर होता, १६९६ ते १८५१, आणि खिडक्या बुजवल्याही गेल्या. पण पुष्कळ आंधळ्या खिडक्या बांधतानाच तशा केलेल्या असतात, कारण मागे धुराडं किंवा पडदी येते आणि समोरची समरूपता मोडायची नसते. ओळखायचं कसं? बुजवलेल्या खिडकीच्या कडेला खालपासून वरपर्यंत सरळ उभा सांधा दिसतो आणि विटांचे थर आजूबाजूशी जुळत नाहीत. बांधतानाच आंधळी ठेवलेली असेल तर खाचेतल्या विटा भिंतीशी बांधलेल्या असतात.

जिना, पडद्या आणि छत

लंडनमध्ये श्रीमंतांच्याही हवेल्या बहुधा रांगेतच असत. ग्रीन पार्ककडे तोंड केलेलं स्पेन्सर हाउस, १७५६ ते १७६६ मधलं, हे सुटं उभं असलेलं थोड्यांपैकी एक. रांगेतल्या अरुंद जागेत वैभव दाखवायचं तर ते आतच दाखवावं लागे. बर्कली स्क्वेअरमधलं ४४ क्रमांकाचं घर विल्यम केंट या वास्तुकाराने १७४२ ते १७४४ मध्ये लेडी इझाबेला फिंचसाठी बांधलं. बाहेरून तीन खिडक्यांची साधी भिंत, आत घराच्या मध्यभागी असा जिना की दुसऱ्या कशाला जागा कशी उरली याचं नवल वाटावं. वास्तुकार रॉबर्ट अॅडमने सेंट जेम्स स्क्वेअरच्या २० क्रमांकाच्या घरात, १७७१ ते १७७४ मध्ये, मूळ तीन खिडक्यांच्या रुंदीत टोकांना गोलाई दिलेल्या खोल्यांची अशी माळ गुंफली की चालताना घराची रुंदी जाणवतच नाही. पोर्टमन स्क्वेअरच्या होम हाउसमधला त्याचा गोल जिना काचेच्या घुमटापर्यंत चढतो. दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असलेल्या घराच्या पोटात दिवसाचा उजेड आणायचा दुसरा मार्ग नव्हता.

दगडी जिन्याच्या पायऱ्या हवेत तरंगल्यासारख्या दिसतात, पण त्या भिंतीतून बाहेर आलेल्या निव्वळ फळ्या नव्हेत. प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत चार ते सहा इंच रुतलेलं असतं आणि तिची पुढची कड खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर टेकते. भार पायरीतून पायरीत उतरत तळाला जातो, भिंत फक्त पायरीला पीळ बसू देत नाही. म्हणून पाइप नेण्यासाठी पायरीचं भिंतीतलं टोक छाटणं, किंवा दार काढायला खालच्या दोन पायऱ्या हलवणं, हे एका पायरीचं काम राहत नाही. वरच्या सगळ्या पायऱ्या त्यात येतात.

जिन्याच्या कठड्याचा हात पुष्कळ घरांत महोगनी लाकडाचा. १७२१ मध्ये वसाहतींतल्या लाकडावरचं आयातशुल्क ब्रिटनने उठवलं आणि कॅरिबियन बेटांवरून हे लाकूड मुबलक येऊ लागलं. तिथे ते तोडणारे हात गुलामांचे होते. ब्रिस्टलच्या ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरचं, आज संग्रहालय असलेलं जॉर्जियन हाउस १७९०च्या सुमारास जॉन पिनी या साखरमळ्यांच्या मालकासाठी बांधलं गेलं. त्याचे मळे नेव्हिस बेटावर होते आणि पेरो जोन्स हा गुलाम त्याच्या घरात राबत होता. या वास्तूंबद्दल लिहिताना पैसा कुठून आला हे गाळलं तर वर्णन अर्धवटच राहतं.

आतल्या लाकडी पडद्या फसव्या असतात. ठोकल्यावर पोकळ वाजतात, म्हणून त्या नुसत्या आडोशाला आहेत असं समजून लोक दार फोडतात. प्रत्यक्षात कित्येक पडद्यांत तिरक्या लाकडांची कैची असते आणि ती वरच्या मजल्याचं ओझं बाजूच्या भिंतींवर नेते. तिरकं लाकूड कापलं की वरचा मजला काही महिन्यांत मधोमध खचू लागतो, आणि कॉर्निसमध्ये पहिली भेग दिसते. गिलावा थोडा उघडून कैची बघितल्याशिवाय पडदीला हात लावू नये.

छताचा गिलावा लाकडी पट्ट्यांवर तीन थरांत दिलेला असतो. पट्ट्यांमध्ये बोटाएवढ्या रुंदीची, सुमारे दहा मिलिमीटरची फट असते. जनावरांचे केस मिसळलेला पहिला थर तिच्यातून वर दाबला जातो आणि पट्टीवर वळून बसतो. या वळलेल्या गाठींवरच सगळं छत टांगलेलं असतं. वरच्या खोलीत फळ्या ठोकताना त्या गाठी तुटतात आणि मग छताचा तुकडा पोट काढून लोंबतो. तळहाताने हलकेच दाबून बघितलं आणि ते वर-खाली हललं तर गाठी गेल्या. छत पाडायची घाई करू नका. खालून मऊ गादीसारखा थर आणि टेकू देऊन, वरच्या फळ्या काढून, धूळ साफ करून, जाळी आणि गिलाव्याने ते परत वाशांना बांधता येतं. नवे खिळे ठोकू नका, फळ्या स्क्रूने बसवा.

डब्लिनच्या लोअर डॉमिनिक स्ट्रीटवरच्या २० क्रमांकाच्या घरात रॉबर्ट वेस्ट या कारागिराने गिलाव्यात केलेले पक्षी भिंतीतून इतके पुढे येतात की त्यांच्या मानेमागे सावली पडते. ते जागेवर हाताने घडवलेले, एक दुसऱ्यासारखा नाही. अॅडमच्या काळातली बारीक नक्षी बरीचशी साच्यातून काढून चिकटवलेली. दोन्हींवर रंगाचे थर चढून पानांच्या शिरा बुजलेल्या असतात, पण रंग काढायची रीत वेगळी लागते, कारण साच्यातले तुकडे ओलाव्याने सुटून येऊ शकतात.

बाथमध्ये भिंत आणि घर यांचं नातं सगळ्यात उघड दिसतं. धाकटा जॉन वुड या वास्तुकाराच्या रॉयल क्रेसेंटमध्ये, १७६७ ते १७७४, तीस घरं आणि ११४ आयोनिक खांब एकाच वक्र रेषेत उभे आहेत. लोकांनी दर्शनी भिंतीचा आपापला तुकडा घेतला आणि मागचं घर आपल्या सोयीने बांधून घेतलं. मागच्या रस्त्यावरून पाहिलं तर खिडक्यांच्या पातळ्या, उंची, छपरं, काहीच एकमेकांशी जुळत नाही. मला स्वतःला ती मागची बाजू समोरच्या इतकीच महत्त्वाची वाटते. घर तिथून खरं कळतं.

तळाला आणि वर

रस्त्यावरून बघताना तळघर खोल खणलंय असं वाटतं. लंडनमध्ये बहुतेक ठिकाणी फार खणलेलं नसतं. थोडी माती काढून तीच समोर टाकत आणि रस्ता उंच करत, म्हणून मागची बाग जुन्या जमिनीच्या पातळीवर, तळघराशी जवळजवळ सपाट असते. फुटपाथखाली कोळशाची कोठारं असतात, वर लोखंडी झाकणाचं गोल भोक, जेमतेम फूटभर रुंद, माणूस उतरू शकणार नाही एवढं. कोठाराची कमान ओली दिसली तर आतून सिमेंटचा लेप देऊन पाणी थांबत नाही, ते बाजूने घरात शिरतं.

तळघरापुढच्या खड्ड्याभोवतीचं लोखंडी कुंपण दगडात वितळलेलं शिसं ओतून बसवलेलं असतं. शिसं आणि लोखंड यांच्या फटीत पाणी गेलं की लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं. रंगकाम करताना गजाच्या मुळाशी ही फट बुजवणं हे वरच्या नक्षीवर रंग चढवण्यापेक्षा महत्त्वाचं.

छप्पर कठड्याआड लपलेलं, त्यामुळे ते कोणी बघतच नाही. साध्या रांगघराला बहुधा आतल्या बाजूला उतरणारी दोन पाखं आणि मध्ये पन्हळ, मोठ्या हवेलीला समांतर दोन छपरं आणि त्यांच्या मध्ये पन्हळ, शिवाय कठड्यामागे एक. काही घरांत पुढच्या पन्हळीचं पाणी लाकडी नाळीतून, पोटमाळ्याच्या मधून, घराच्या मागे नेलेलं असतं. ही नाळ फुटली की पाणी थेट घराच्या मध्यभागी उतरतं आणि डाग दोन मजले खाली दिसतो.

पन्हळीला शिशाचा पत्रा. शिसं उन्हाने खूप वाढतं: तीन मीटरचा पत्रा पन्नास अंशांच्या फरकाला चार मिलिमीटरहून जास्त. लांब पत्रा खिळवून टाकला तर त्याला वाढायला जागा मिळत नाही, त्याच्यावर वळी पडते आणि वळीवर तो फाटतो. कोड ७चा, म्हणजे ३.१५ मिलिमीटर जाडीचा पत्रा पन्हळीत एका तुकड्यात अडीच मीटरपेक्षा लांब घेऊ नये. कोड ६ असेल तर सव्वादोन मीटर. दोन तुकड्यांच्या मध्ये निदान ५० मिलिमीटरची पायरी आणि उतार ऐंशीला एक. जुन्या पन्हळीत पायऱ्या कमी असतात, कारण पायरी वाढवायची तर पन्हळीचा तळ उचलावा लागतो आणि वर स्लेटच्या खाली तेवढी उंची नसते. पूर्वीच्या दुरुस्तीत भेगेवर डांबर फासलेलं असेल तर पत्रा वाचवता येत नाही, बदलावाच लागतो.

पन्हळ तुंबली की पाणी कठड्याच्या मागून भिंतीत आणि वाशांच्या टोकांत मुरतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की ड्राय रॉट ही बुरशी धरते, आणि तिचे तंतू विटांवरून, गिलाव्यामागून कोरड्या लाकडापर्यंत पोचतात. वाशाची भिंतीतली टोकं ओलावामापकाने दोन-तीन खोलींवर तपासा. पृष्ठ कोरडं असून आतलं लाकूड ओलं असणं नेहमीचं आहे. वास घ्या, बुरशीचा वास अळंबीसारखा येतो. औषध फवारण्याआधी पाणी थांबवा. पाणी थांबलं आणि हवा खेळती राहिली तर बुरशी मरते. पाणी चालू राहिलं तर कोणतंही औषध पुरत नाही.

इंग्लंडमध्ये १७०० ते १८५० मधल्या बहुतेक इमारती संरक्षित यादीत आहेत, आणि १९९०च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय त्यांचं स्वरूप बदलणं हा फौजदारी गुन्हा आहे. खिडकी बदलणं, पडदी काढणं, दर्जांचा प्रकार बदलणं यातही परवानगीचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून आधी स्थानिक कौन्सिलच्या संरक्षण अधिकाऱ्याला विचारावं. पन्हळ साफ करायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. वर्षातून दोनदा, एकदा पानगळ संपल्यावर आणि एकदा वसंतात, पोटमाळ्याच्या झरोक्यातून बाहेर निघून ती हाताने साफ करायची. फावड्याने नाही, कारण त्याची धार शिशाला चिरते. मग एक बादली पाणी वरच्या टोकाला ओतायचं आणि ते किती वेळात, कुठून, कुठे थांबत जातं ते बघायचं.